वाटसरू आणि गिऱ्हाईक

रस्त्याने चाललेल्या माणसाला आपल्या भाषेत वाटसरू म्हणतात आणि तोच माणूस दुकानाची पायरी चढला की त्याला गिऱ्हाईक म्हणतात. माणूस बदलत नाही, परंतु त्याचे नाते बदलते. वाटसरूला कोणी ‘कोठे निघालात?’ असे विचारले, तर सांगणे वा न सांगणे त्याच्या मर्जीवर असते. गिऱ्हाइकाला मात्र ‘काय पाहिजे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते आणि ते देता आले नाही, तर त्याने पायरी उतरावी हे उभयतांना मान्य असते. आजवर ही पायरी कोठे आहे ते सर्वांना दिसत असे. अलीकडे मोठ्या शहरांच्या उपनगरांत जी नवी स्थानके उभी राहत आहेत, त्यांत मात्र ती दिसेनाशी झाली आहे. गाडीतून उतरलेला प्रवासी सरकत्या जिन्याने वर येतो, चार पावले टाकतो, आणि आपण स्थानकात आहोत की मॉलमध्ये, हे त्याचे त्यालाच उमगत नाही. वाटसरू कोठे संपला आणि गिऱ्हाईक कोठे सुरू झाले, हा प्रश्न वरवर पाहता गमतीचा वाटेल. परंतु नागरिक म्हणजे काय आणि सार्वजनिक म्हणजे कोणाचे, हे मोठे प्रश्न त्याच्या पोटात दडले आहेत, असे आम्हांस वाटते.

बाजाराने वाटेच्या कडेला बसणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आपल्याकडील कित्येक पेठा वाटेवरच वसल्या. घाट चढून आलेले बैल जेथे सोडले जात, तेथेच वाण्याचे दुकान आणि लोहाराचा भाता उभा राहत असे. जत्रा या एकाच शब्दात आपण देवदर्शन आणि खरेदी ही दोन्ही बसवून टाकली आहेत. देवाला निघालेल्या माणसाने परतताना बांगड्या आणि बत्तासे घ्यावेत, यात कोणाला काही वावगे दिसले नाही. तथापि त्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. बाजार वाटेच्या कडेला असे, वाट बाजाराच्या पोटात नसे. शिवाय बाजाराच्या जोडीला धर्मशाळा, विहीर आणि पार असत. या मासिकाचे वाचक बदलीच्या निमित्ताने देशाच्या नाना भागांत राहिले आहेत. त्यांतील कित्येकांनी काशीस अहिल्याबाई होळकरांच्या घाटाच्या पायऱ्यांवर विसावा घेतला असेल. त्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला काय घेणार म्हणून विचारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता आणि आजही नाही. वाटसरूचे वाटसरूपण राखण्यासाठी अशी जागा लागते, एवढे भान त्या काळच्या दात्यांना होते.

आजच्या मॉलचा जन्म निराळ्या परिस्थितीत झाला. व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा स्थापत्यविशारद १९३८ मध्ये हिटलरच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आला. तेथील उपनगरांत घरे दूरदूर विखुरलेली, चालायला वाट नाही, आणि शेजाऱ्याची गाठ पडायला चौक नाही, हे पाहून तो व्यथित झाला. मिनियापोलिसजवळच्या इडायना येथे १९५६ मध्ये त्याने साउथडेल नावाचे एक बंदिस्त व्यापारकेंद्र उभारले. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असली, तरी आत लोकांनी आपल्या व्हिएन्नातल्याप्रमाणे निवांत फिरावे, बसावे, बोलावे, ही त्याची कल्पना होती. भोवती घरे, शाळा, उद्याने असा सगळा गावच वसावा, असा त्याचा मानस होता. परंतु लोकांना दुकाने तेवढी भावली. तेथे जायला मोटार लागे आणि मोटारी ठेवायला अफाट मैदान लागे. पुढे या नमुन्याच्या शेकडो इमारती उभ्या राहिल्या. तेव्हा म्हातारपणी, १९७८ मध्ये लंडन येथे केलेल्या भाषणात, ग्रूएनने त्यांचे पितृत्वच नाकारले. ज्याला चौक हवा होता त्याच्या हातून दुकान निर्माण झाले. चौकाचा आत्मा कोठे निसटला हे कळेपर्यंत त्याचे आयुष्य सरले होते.

मोटारीवर विसंबलेल्या या मॉलच्या तुलनेने रेल्वेच्या स्थानकाला जोडलेला मॉल कितीतरी सुज्ञपणाचा म्हणावा लागेल. त्याची परंपराही जुनी आहे. जपानमधील ओसाका शहरी इचिझो कोबायाशी नावाच्या उद्योजकाने १९१० मध्ये उपनगरांकडे जाणारी एक आगगाडी सुरू केली. गाडीला उतारू मिळावेत म्हणून त्याने मार्गालगत जमिनी घेऊन हप्त्यांनी घरे विकली, आणि १९२९ मध्ये शहरातील उमेदा या शेवटच्या स्थानकावर रेल्वेचेच एक भव्य दुकान उघडले. गाडी, घर आणि दुकान यांची अशी सांगड घालण्याची युक्ती पुढे अनेकांनी उचलली. हाँगकाँगमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या भुयारी रेल्वेच्या महामंडळाने तर तिचे शास्त्रच बनवले. रेल्वे येण्यापूर्वी जमिनीची जी किंमत असेल तिच्या हिशेबाने सरकारला मोबदला द्यावयाचा, रेल्वे आल्यावर जी वाढ होईल तीतून बांधकाम करणाऱ्याबरोबर वाटा घ्यावयाचा, आणि त्या पैशांतून रूळ टाकावयाचे, असा तो हिशेब आहे.

आपल्याकडे दिल्लीत मेट्रो धावू लागली ती डिसेंबर २००२ मध्ये. नव्या स्थानकांच्या आवारात हळूहळू दुकाने आली आणि काही ठिकाणी स्थानक व मॉल यांना जोडणारे पूलही आले. गुरुग्रामला एम. जी. रोड नावाचे स्थानक आहे. मराठी माणसाला ते नाव ऐकताच गांधीजींची आठवण होते. परंतु येथील एम. जी. म्हणजे मेहरौली आणि गुरगाव. स्थानकाच्या दोन्ही अंगांना मॉलांच्या रांगा आहेत, तेव्हा गांधीजींचे नाव त्यात गुंतलेले नाही हे एका परीने बरेच झाले. पुढे २०१७ च्या मेट्रो रेल धोरणात केंद्र सरकारने तिकिटाखेरीज अन्य मार्गांनी, विशेषतः जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून, पैसा उभारण्यावर भर दिला. म्हणजे आज जे तुरळक दिसते, ते उद्या सर्वत्र दिसणार आहे. म्हणूनच त्यामागील नीतीचा विचार आताच व्हावयास हवा.

या विचाराला आधार म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रजेवर घरी जाणाऱ्या आमच्या बऱ्याच वाचकांनी ते पाहिले असेल. नवी मुंबईत नेरूळ आणि बेलापूर या स्थानकांच्या मध्ये सीवूड्स-दारावे हे स्थानक आहे. तेथील सुमारे ४० एकर जागा स्थानकासह विकसित करण्याचे काम सिडकोने निविदा मागवून २००८ मध्ये लार्सन अँड टुब्रो या कंपनीकडे सोपविले आणि २०१७ मध्ये तेथील मॉल सुरू झाला. रुळांवर छप्पर घालावे तशी ही इमारत आहे. खालून लोकल धावते. वर आणि भोवती दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि कचेऱ्या आहेत. पावसाळ्यात उतारूच्या डोक्यावर छप्पर आहे, आणि खरेदीला येणाऱ्याला मोटार काढावी लागत नाही. जानेवारी २०२४ पासून उरणची गाडीही याच स्थानकावरून जाते. योजनेच्या दृष्टीने पाहता हे काम वाखाणण्याजोगे आहे, यात आम्हांस संदेह नाही.

परंतु या इमारतीच्या पायाशी काय काय पुरले आहे, तेही पाहिले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्राने माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे. अशा इमारतीच्या डोक्यावरही तीन ऋणे असतात, असे आम्ही म्हणू.

पहिले ऋण भूमीचे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. आगरी-कोळ्यांची ही भातशेती आणि मिठागरे. ती सार्वजनिक प्रयोजनासाठी म्हणून कायद्याने घेतली गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. येथे आम्हांस त्या लढ्याचा इतिहास सांगावयाचा नाही. सार्वजनिक प्रयोजन हे दोन शब्द उच्चारून ज्या भागातील जमीन घेतली, तेथे पुढे दुकान उभे राहिले तरी त्या शब्दांची जबाबदारी संपत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. शेतकऱ्याकडून जमीन घेताना ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ सर्वांसाठी असा असेल, तर ती वापरताना त्याचा अर्थ खरेदी करणाऱ्या सर्वांसाठी असा कसा होईल?

दुसरे ऋण भाड्याचे. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. या मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला आणि उरलेला रेल्वेने. सिडकोचा पैसा भरून निघावा म्हणून येथील उतारूंनी अनेक वर्षे तिकिटावर अधिभार भरला. रुपया-दोन रुपयांची ती रक्कम कोणाच्या ध्यानीही राहिली नसेल. परंतु रोज सकाळी तिकीट काढणारा कारकून, शिक्षिका, धुणीभांडी करायला निघालेली बाई, या सर्वांनी थोडे थोडे घालून रूळ उभे केले आहेत. सत्यनारायणाच्या वर्गणीत ज्याने चार आणे दिले, त्याचाही प्रसादावर अधिकार असतो.

तिसरे ऋण पावलांचे, आणि तेच सर्वांत मोठे असून सर्वांत कमी ओळखले जाते. स्थानकावरील गाळ्याचे भाडे गल्लीतील गाळ्याच्या कितीतरी पट का असते? विटा त्याच, सिमेंट तेच. अधिक काय असेल, तर समोरून जाणारी माणसे. दुकानदार भाडे भरतो ते भिंतींसाठी नव्हे. दररोज दाराशी येणाऱ्या हजारो पावलांसाठी तो ते भरतो. म्हणजे वाटसरू काहीही विकत न घेता, केवळ तेथून चालत जाऊन, त्या जागेचे मोल वाढवीत असतो. तो तेथून जायचा थांबला, तर संगमरवरी फरशी आणि थंडगार हवा यांना कवडीची किंमत उरणार नाही. असे असता त्यालाच ‘तू घेत काही नाहीस, मग येथे उभा का?’ असे विचारणे, हे धन्यालाच त्याच्या वाड्याबाहेर उभे करण्यासारखे आहे.

यावर एक विचारी उत्तर दिले जाते आणि ते डावलणे अन्यायाचे होईल. उत्तर असे, की हे मोल कोणाच्या तरी पदरी पडणारच. स्थानकावर मॉल झाला नाही, तर आसपासच्या जमिनी स्वस्तात घेऊन ठेवणारा धनिक ते घेऊन जाईल आणि त्यातून रेल्वेला छदामही मिळणार नाही. त्यापेक्षा ते सार्वजनिक संस्थेने घ्यावे, त्यातून रूळ वाढवावेत, तिकीट आवाक्यात ठेवावे, हे केव्हाही श्रेयस्कर. शिवाय सार्वजनिक म्हटल्या जाणाऱ्या जागा तरी कोठे इतक्या उदार आहेत? आप्तांना निरोप द्यायला फलाटावर जायचे तर रेल्वे फलाटाचे तिकीट मागते. दिल्लीच्या मेट्रोत तिकीट घेऊनही ठरावीक वेळेपेक्षा अधिक काळ आत राहिल्यास दंड होतो. आणि सरकारी कचेऱ्यांच्या ओसऱ्यांवर तासन् तास उभ्या असलेल्या अर्जदारांना बाक किती मिळतात, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. उलट मॉलचे दार कोणालाही फुकट उघडते. तेथे स्वच्छ शौचकूप असते, उजेड असतो आणि रात्री उशिरा एकट्याने परतणाऱ्या बाईला आडवाटेपेक्षा तेथे निर्धास्त वाटते. हे सर्व खरे आहे. शहराबाहेरच्या मुलामुलींना मित्रांसह एक दुपार घालवायला दुसरी जागा उरलेली नाही, हेही खरे आहे.

तेव्हा मॉल नको, स्थानकावर दुकान नको, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. आमचा आक्षेप निराळा आहे आणि तो संमतीविषयी आहे. जो बाजारात जायला निघाला, त्याने बाजाराच्या मोहाला संमती दिलेली असते. त्याने खिसा चाचपलेला असतो, यादी केलेली असते, मन घट्ट किंवा सैल केलेले असते. दुकानदाराने त्याच्यापुढे शंभर वस्तू मांडल्या, तरी त्यात अधर्म नाही. परंतु जो घरी जायला निघाला, त्याने अशी संमती दिलेली नसते. त्याची वाट मुद्दाम दुकानांमधून वळवणे, सरळ जिना असताना तो आडबाजूला ठेवणे, बाहेरचा रस्ता कोठे आहे हे सहज दिसू न देणे, यात त्याच्या गरजेचा उपयोग त्याच्या इच्छेविरुद्ध केला जातो. ज्याला टाळता येत नाही त्याच्यापुढे मोह ठेवणे, आणि जो मोह शोधत आला आहे त्याच्यापुढे तो ठेवणे, यांत नीतिदृष्ट्या अंतर आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि पंचविसाव्या तारखेला त्याच काचेसमोरून जाणारा माणूस नावाने एक असला, तरी त्याचे बळ एक नसते. त्याच्या हाताला धरून चालणाऱ्या मुलाचे बळ तर त्याहून कमी. रोज दोन वेळा, वर्षात सहाशे वेळा, मुलाला ‘आज नको’ म्हणावे लागणे ही एक प्रकारची पट्टीच आहे, आणि ती गरिबाकडून अधिक वसूल होते.

दुसरा आक्षेप नजरेविषयी आहे. मॉलचे दार सर्वांना उघडे असते हे खरे. परंतु दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची नजर सर्वांवर सारखी पडत नाही. तो बिचारा स्वतः दूरच्या गावाहून आलेला, बारा तास उभा राहणारा गरीब माणूस असतो. परंतु कोण घेण्यासारखा दिसतो आणि कोण नाही, हे ओळखण्याचे काम त्याच्याकडे आपोआप येते. धोतरातला म्हातारा, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, घामेजलेला गवंडी यांना कोणी अडवले नाही, तरी ते आपण होऊनच लांबच्या वाटेने जातात. कायद्याने दिलेला प्रवेश संकोचाने नाकारला जाऊ शकतो, हे आपल्या समाजाला तरी नव्याने शिकवण्याची गरज नाही. देवळाचे दार उघडले म्हणून उंबरठ्यावरचा संकोच त्याच दिवशी गेला नाही.

तिसरी गोष्ट फेरीवाल्याची. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत, त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड आणि आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. त्यानंतर स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये, हे बंधन मुंबईच्या उच्च न्यायालयाने कायम ठेवले. पुलावर आणि जिन्यावर वाट मोकळी हवी, हे निर्विवाद आहे. तेथे गेलेल्या जिवांपुढे अन्य युक्तिवाद टिकत नाही. तथापि एक विसंगती मनाला टोचल्याखेरीज राहत नाही. त्याच पावलांच्या आधारे पोट भरणाऱ्या भाजीवालीला दीडशे मीटर दूर जावे लागते आणि त्याच पावलांच्या आधारे उभे राहणारे मोठे दुकान स्थानकाच्या डोक्यावर बसते. गर्दी आवरण्याचा हेतू असेल, तर योजकाने मोठ्या दुकानाला जशी जागा आखून दिली, तशी चार हात जागा भाजीवालीलाही आखून देता येईल. फेरीवाल्यांच्या उपजीविकेचे रक्षण व्हावे म्हणून २०१४ मध्ये संसदेने कायदा केला, त्याचा आशय तरी दुसरा काय आहे?

खाजगी जागेत सार्वजनिक हक्क किती, हा प्रश्न अन्य देशांच्या न्यायालयांतही गेला आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जहाजे बांधणाऱ्या एका कंपनीच्या मालकीचे संपूर्ण गावच होते. तेथील फरसबंदीवर धर्मपत्रके वाटणाऱ्या बाईला शिक्षा झाली. १९४६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मालक आपल्या लाभासाठी जागा जितकी लोकांना मोकळी करील, तितके त्याचे हक्क लोकांच्या हक्कांनी मर्यादित होतील, असा त्या निकालाचा आशय होता. १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने ही उदारता मॉलला लागू करण्यास नकार दिला. आणि १९८० मध्ये पुन्हा, एखाद्या राज्याला वाटल्यास त्याने आपल्या घटनेनुसार असे हक्क द्यावेत, अशी मोकळीक दिली. विद्वान न्यायाधीशांनाही हे कोडे एकदम उलगडले नाही. आपल्याकडे मात्र वहिवाट नावाचा एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. दुसऱ्याच्या शेतातून शेजारी वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने ये-जा करीत असेल, तर त्या वाटेवर त्याचा हक्क निर्माण होतो, हे तत्त्व १८८२ च्या ईझमेंट कायद्याने मानले आहे. तो कायदा मॉलसाठी केलेला नाही आणि तो येथे जसाच्या तसा लागू होतो, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पावलांनी हक्क निर्माण होतो ही त्यामागील समजूत आपल्या मातीतली आहे आणि तिचा विसर पडू नये.

येथे ओसाकाच्या त्या दुकानाची पुढली हकीगत सांगण्याजोगी आहे. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. कोबायाशीच्या दुकानातील उपाहारगृहात मसालेदार रश्श्याचा भात स्वस्तात मिळे. परंतु तोही न परवडणारी तरुण मंडळी नुसताच भात मागवीत आणि मेजावर फुकट ठेवलेला सॉस त्यावर ओतून खात. व्यवस्थापकांना हे रुचेना. असल्या गिऱ्हाइकांना मनाई करावी असे त्यांचे मत पडले. कोबायाशीने उलट केले. नुसता भात मागवणाऱ्यांचेही येथे स्वागत आहे, असे त्याने जाहीरच करून टाकले. आज ही माणसे गरीब आहेत. उद्या संसार मांडतील, तेव्हा हेच दुकान त्यांना आठवेल, असा त्याचा विचार होता.

यात धर्म किती आणि धंदा किती, असा प्रश्न चिकित्सक वाचक करतील आणि तो रास्त आहे. जे सौजन्य उद्याच्या नफ्यावर नजर ठेवून केले, त्याला सौजन्य म्हणावे काय? आमचे उत्तर असे, की भुकेल्याच्या दृष्टीने त्या दिवशी भात मिळाला, आणि मानाने मिळाला, हे महत्त्वाचे. दात्याचा हेतू तपासण्याचे काम त्याच्या अंतर्यामीचे. परंतु समाजाने अशा सौजन्यावर विसंबून राहू नये, कारण ते व्यक्तीबरोबर येते आणि व्यक्तीबरोबर जाते. कोबायाशीच्या जागी दुसरा कोणी असता, तर पाटी उलट लागली असती. हाँगकाँगच्या मध्यभागी दर रविवारी घरकाम करणाऱ्या हजारो परदेशी बायका पादचारी पुलांवर आणि एका मोठ्या बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरून बसतात, डबे सोडतात, घरी पत्रे लिहितात. आठवड्यातील त्यांचा तेवढाच मोकळा दिवस. त्या काही विकत घेत नाहीत, परंतु ते शहर त्यांच्या श्रमावर चालते. त्यांना बसायला जागा असणे हे कोणा मालकाच्या लहरीवर ठेवणे योग्य होईल काय?

म्हणून आमच्या मते या प्रश्नाची कसोटी एकच आहे: ज्याला काहीच घ्यावयाचे नाही, त्याला या इमारतीत मान वर करून चालता आणि बसता येते काय? ही कसोटी उतरावी यासाठी फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. फलाटावरून रस्त्याकडे जाणारी एक सरळ वाट असावी आणि ती दुकानांतून जाणाऱ्या वाटेपेक्षा लांब नसावी. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ती उघडी राहावी; दुकानांच्या वेळेशी तिचा संबंध नसावा. वाटेवर पिण्याचे पाणी, शौचकूप आणि बाक असावेत, आणि ते दुकानांच्या भाड्यातून चालावेत. पहारेकऱ्याने सुरक्षेसाठी पिशवी पाहावी, परंतु येण्याचे कारण विचारू नये. उंबरठ्यापाशी लहान विक्रेत्यासाठी जागा आखलेली असावी. वर सांगितलेल्या तीन ऋणांची फेड एवढ्याने होणार नाही. परंतु ऋण आहे, याची कबुली तरी यातून दिली जाईल.

ही कबुली कोण लिहिणार, हा शेवटचा प्रश्न आहे. ती स्थापत्यविशारदाच्या नकाशात उमटत नाही आणि दुकानदाराच्या मनात आपोआप येत नाही. ती निविदेच्या अटींत आणि भाडेपट्ट्याच्या कलमांत येते. तिकिटाखेरीज मिळणाऱ्या पैशाला आता कागदोपत्री भाडेतर उत्पन्न असे नाव पडले आहे. त्या मथळ्याखाली ज्या फायली फिरतात, त्यांचा प्रवास शिपाई, कारकून, अधीक्षक, अवर सचिव अशा आपणां सर्वांच्या मेजांवरून होतो. आकड्यांचा रकाना सर्वजण तपासतात, कारण तो चुकला तर लेखापरीक्षक विचारतो. वाटसरूचा रकाना कोणी विचारीत नाही, म्हणून तो बहुधा कोराच राहतो. परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मंडळींना अनोळखी गावात वाट विचारीत फिरण्याची सवय आहे, आणि कोणाच्या तरी ओसरीवर घटकाभर टेकू मिळाल्याचे मोल आम्ही जाणतो. मसुदा पुढे धाडण्यापूर्वी त्यात बाकाची, पाण्याची आणि सरळ वाटेची एक ओळ आहे की नाही, एवढे पाहणे आमच्या अधिकाराबाहेरचे खचित नाही.